नाव झाकून वाचलेली कादंबरी

औषधवाल्याला त्या कादंबरीतून मिळवायचं होतं ते एकच, घर सोडून गेलेली मुलगी. प्रसिद्धी नको होती. पुस्तकावर लेखक म्हणून त्यानं भलतंच नाव घातलं होतं. प्रती खपल्या काय नि वाळवीनं खाल्ल्या काय, त्याला फरक पडणार नव्हता. त्याचा हिशेब सरळ होता. मुलगी एका शिवणाच्या दुकानात काजं करते. तिची मालकीण कादंबऱ्या वाचते, आणि हातानं काम चालू असताना तोंडानं त्या कादंबऱ्यांची गोष्ट नि वर आपलं मत सांगत बसते. तेव्हा कादंबरी मालकिणीच्या हाती पडली की मुलीच्या कानात आपोआप जाणार. मुलगी बापाचं ऐकून घेत नव्हती. पण आजारी बायकोच्या उशाशी बसलेल्या, कादंबरीतल्या कुणा नवऱ्याचं ऐकायला तिची काय हरकत असणार?

हिशेब चोख होता. माल तेवढा तपासायचा राहिला.

ही मालकीण म्हणजे ताई. नवे कपडे त्या शिवत नसत. दुसऱ्यांनी शिवलेले दुरुस्त करत. ढिली कंबर घट्ट, आखूड बाही लांब, खेचलेली शिवण मोकळी. दुसऱ्याच्या शिलाईतले दोष काढायचे हा धंदाच, त्यामुळे कादंबऱ्यांसाठी वेगळं काही शिकावं लागलं नाही. "मी काही शिकलेली वाचक नाही हो," त्या म्हणायच्या, "वेळ घालवायला वाचते." आणि मग समोर स्टुलावर उभ्या केलेल्या, कंबरेभोवती टाचण्या लावलेल्या माणसाला ऐकावंच लागे. टाचण्या लावलेल्या माणसाला पळता येत नाही.

अलीकडे वाचलेल्या कादंबऱ्यांची त्यांनी अशी वाट लावली होती. जहाजाच्या कप्तानाची एक जाडजूड कादंबरी: "शेवटपर्यंत भिजतोय मेला. एकदा तरी कपडे वाळत घाल की! मलाच शिंका यायला लागल्या." प्रेमाची एक: "दोघांचं एकमेकांवर इतकं प्रेम, की कामाला कुणी जातच नाही." खुनाची एक: "खुनी कोण ते मला अर्ध्यातच कळलं. पण वकील झकास काढलाय. चहा ओतताना त्याचा हात थरथरतो, तेवढ्यासाठी पुरी वाचली." आणि ज्या कादंबरीचं जिकडंतिकडं कौतुक चाललं होतं, तिच्याबद्दल: "फार थोर आहे म्हणतात. असेल. मला मधेमधे झोप लागायची, आणि दर वेळी जाग यावी तर तो माणूस आपला खिडकीतच उभा."

ताईंची एक खोड होती. नाव बघितलं की मत बिघडतं, असं त्यांचं म्हणणं. पुस्तकांना खाकी कव्हर घालायची समोरच्या वाचनालयाची पद्धत होतीच. पण आतल्या पानावर नाव असतंच ना. म्हणून पुस्तक हातात आलं की ताई आधी त्याची सुरुवातीची पानं कच्च्या टाक्यानं शिवून टाकत, लेखकाचं नाव, अर्पण, प्रस्तावना, सगळं बंद. वाचून झालं, मत देऊन झालं, की मगच टाका उसवायचा. वाचनालय चालवणारा गृहस्थ, ज्याला सगळे कव्हरवाले म्हणत, पानांना पडलेली भोकं बघून कळवळायचा. पण ताईंनी बरं म्हटलेलं पुस्तक कपाटात टिकत नसे आणि वाईट म्हटलेल्यावर धूळ साचे, हे त्याला कळत होतं. भोकं तो पोटात घालायचा.

औषधवाल्याची मुलगी, म्हणजे काजवाली, खिडकीशी बसून हातानं काजं करायची. वय पस्तिशीच्या पुढचं. बोलणं कमी, हसणं त्याहून कमी. स्वतः कादंबरीला हात लावत नसे. "तुम्ही वाचता ना, ताई. मग मी कशाला डोळे फोडू?" आईच्या शेवटच्या आजारात घरी तीच होती. उचलणं, धुणं, भरवणं, कूस बदलणं, सगळं तिच्या अंगावर. आई गेली. माणसं भेटायला आली, तेव्हा औषधवाला खुर्चीत बसून म्हणाला, "मी एकट्यानं काढलं हो सगळं." काजवाली त्या वेळी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिनं सगळ्यांना चहा दिला, कप विसळले, आणि काही दिवसांनी भाड्याची खोली बघितली.

आता दोन हिवाळे सरले होते. राग म्हटला तरी रोज शिळा होतोच. औषधवाल्याचे गुडघे गेले होते, आणि त्याच्या दुकानाचं शटर शेजारचा माणूस ओढून देतो, हे तिच्या कानावर आलं होतं. एका दुपारी तिनं सुईतून मान वर न काढता ताईंना सांगितलं, "थंडीच्या आधी घरी जाऊन राहीन म्हणते."

"त्यांनी बोलावलं?"

"बोलावतील कशाला! तोंड आहे का त्यांना? मीच जाईन. ट्रंक काढून पुसून ठेवलीय."

म्हणजे औषधवाल्यानं काही केलं नसतं, नुसता गुडघे चोळत घरी बसून राहिला असता, तरी त्याचं काम झालं होतं. पण हे त्याला कोण सांगणार?

त्याच आठवड्यात कव्हरवाला पुस्तक घेऊन स्वतः दुकानात आला. एरवी ताईंना रस्ता ओलांडून जावं लागे.

"ही वाचाच, ताई. मन लावून वाचा."

"का हो? तुमच्या मेव्हण्यानं लिहिलीय?"

"छे छे! मला काय माहीत कुणी लिहिलीय." हे बोलताना तो छताकडे बघत होता. औषधवाल्याबरोबर रोज संध्याकाळी पत्ते कुटणाऱ्या माणसाला याहून बरं खोटं जमायला हवं होतं. ताईंनी दातानं दोरा तोडला नि पहिली पानं शिवून टाकली.

मत द्यायच्या दिवशी कव्हरवाला सकाळीच येऊन बाकावर बसला. काजवाली नेहमीसारखी खिडकीशी होती. मांडीवर कुणाचा तरी काळा कोट.

"काय, कशी आहे?" त्यानं विचारलं.

"रडवते," ताई म्हणाल्या.

कव्हरवाल्याचा चेहरा उजळला.

"पण राग येऊन रडवते. बायको आजारी, नवरा उशाशी बसलाय. बसलाय म्हणजे काय, बसलायच! औषधाचं नाव, कधी द्यायचं, जेवणाआधी का नंतर, सगळं इतकं बरोबर की माझंच डोकं दुखायचं थांबलं. पण मला एक सांगा, त्या घरात चादर कोण बदलतं?"

"चादर?"

"हो, चादर. बायको अंथरुणावरून उठत नाही. पहिल्या पानावर चादर पांढरीशुभ्र, शेवटच्या पानावर पांढरीशुभ्र. हा तर तिचा हात धरून बसलाय. हात सुटेल तेव्हा धुणार ना? 'सूप आलं' असं लिहिलंय. कुठून आलं? चालत आलं? तिचे केस विंचरलेले, नखं कापलेली, पाठीला एक जखम नाही. कुणीतरी आहे त्या घरात, कव्हरवाले. दाराआड उभं आहे. लेखक त्याला आत येऊ देत नाही."

"अहो ताई, कादंबरी ती. सगळं थोडंच लिहितात! असेल एखादी मोलकरीण."

"मोलकरीण असती तर एकदा तरी तिच्यावर ओरडला असता."

खिडकीशी सुई थांबली होती. "त्यांना मूलबाळ?" काजवालीनं विचारलं.

"नाही ना. तसं लिहूनच टाकलंय. 'आम्हाला तिसरं कुणी नव्हतं, म्हणून आम्ही एकमेकांना पुरलो.' वाक्य सुरेख आहे. खोटं बोलायचं तर असं बोलावं."

"तो बाटलीवर चिकटपट्टी लावून त्यावर वेळ लिहितो का?"

"लिहितो की. लाल शाईनं. पण तुला गं कसं…"

ताईंचं वाक्य तिथंच राहिलं. त्यांनी कव्हरवाल्याकडे बघितलं. तो पुन्हा छताकडे बघत होता, आणि छतावर बघण्यासारखं काही नव्हतं.

"बाबांनी लिहिलंय ना?" काजवालीनं त्याला विचारलं.

"तुझ्यासाठीच लिहिलंय गं, पोरी," तो म्हणाला. "तू परत यावंस म्हणून."

ताईंनी दिलेलं मत आयुष्यात प्रथमच मागं घ्यायचा प्रयत्न केला. "तसं अगदीच काही… भाषा चांगली आहे. माणूस मनानं वाईट वाटत नाही. मी आपली उगाच चादर धरून बसले."

"नका, ताई. तुम्हाला येत नाही ते," काजवाली म्हणाली.

कव्हरवाला उठून गेला. निकाल काय लागला ते औषधवाल्याला सांगायचं धाडस त्याला झालं नाही; 'ऐकली बाबा तिनं' एवढंच तो बोलला. त्यामुळं संध्याकाळी औषधवाला जरा आशेनंच आला. हातावर जुना कोट टाकला होता, निमित्ताला. दुकानाची पायरी तो भिंतीला धरून चढला.

"बाबा, बसा," काजवाली म्हणाली.

किती दिवसांनी तिनं हाक मारली होती! औषधवाल्याचे डोळे भरून आले. ताई कपाटाकडे तोंड करून दोऱ्याची रिळं लावायला लागल्या, जी आधीच लावलेली होती.

"ऐकलीस?"

"ऐकली. मी कुठं आहे तिच्यात?"

औषधवाल्यानं कोटाची घडी केली, मोडली, पुन्हा केली. "तुला घालायचं म्हटलं, तर तू काय काय केलंस ते लिहावं लागलं असतं. मग त्या वेळी मी कुठं होतो, तेही आलंच असतं."

"कुठं होता?"

"दुकानात. गिऱ्हाईक नसलं तरी दुकानातच. तिच्याकडे बघवत नव्हतं गं मला. बाटल्या पुसत बसायचो. पुसलेल्याच पुसायचो."

"हे लिहायचं होतंत, बाबा," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "हे लिहिलं असतंत, तर मी स्वतः वाचली असती."

"पुन्हा लिहीन. तुला घालून लिहीन. पहिल्या पानापासून."

"आता मला घालू नका."

ताईंना राहवलं नाही. "अहो, ती येणारच होती हो! ट्रंक पुसून ठेवली होती तिनं. तुम्ही नुसतं घरी बसून राहायचं होतं."

औषधवाला ताईंकडे बघत राहिला. समजायला त्याला वेळ लागला, आणि समजलं तेव्हा त्यानं मुलीला विचारलं ते अगदी लहान मुलासारखं: "मग आता?"

"आता नाही जमणार, बाबा. माणसांपुढं एकदा बोललात, ते मी दुःखाच्या खात्यात टाकलं होतं. हे तर बसून, विचार करून लिहिलंय."

तो उठला. पायरी उतरताना तिनं त्याचा दंड धरला, रस्ता ओलांडून दिला, आणि परत येऊन त्यानं मागं ठेवलेला जुना कोट मांडीवर घेतला. नंतर ताईंना म्हणाली, "एक करा. बाहेर कुणी विचारलं तर चादरीचं काढू नका. बरी आहे म्हणा. म्हाताऱ्याचं हसं होईल."

"अगं, पण खोटं…"

"माझ्यासाठी म्हणा."

ताईंनी म्हटलं. बरी आहे. ताईंनी बरी म्हटल्यावर पुस्तक कपाटात राहिलं नाही, घरोघर फिरलं. लेखक कोण, हे कव्हरवाल्याच्या पोटात फार दिवस राहणं शक्यच नव्हतं. मग काय, बायका औषधाच्या दुकानात जाऊन डोळे पुसायला लागल्या. नवरे बायकांचे टोमणे खायला लागले: "बघा, शिका जरा." औषधवाला मान खाली घालून गोळ्या मोजून द्यायचा. लोकांना तो विनयही आवडला.

आता हिशेब मिटवायला हरकत नाही. कव्हरवाल्याचं काही गेलं नाही. उलट एक चालणारं पुस्तक मिळालं. ताईंचं मत गेलं. एकदा खोटं बोलल्यावर त्यांना चव राहिली नाही. हल्ली त्या वाचतात, पण कुठलीही कादंबरी असो, विचारलं की 'बरी आहे'. स्टुलावरची माणसं मुकाट्यानं मापं देऊन जातात. औषधवाल्याची मुलगी गेली, आणि बदल्यात साऱ्या गल्लीचा आदर पदरात पडला. तो त्याला नको होता आणि परतही करता येत नव्हता. थोडं थोडं या दोघांनीही भरलं. पण दुकानात येणारी एखादी बाई बटण लावून घेता घेता काजवालीला म्हणतेच, "नशीबवान हो तुमची आई. असा नवरा लाभायला भाग्य लागतं." काजवाली मान हलवते. "हो ना," म्हणते, "बाबांनी फार केलं तिचं." इतरांचं देणं केव्हाच संपलं. ती अजून भरतेय.