रागाच्या भरात विणलेली टोपी

मी टोपी बोलतेय. लोकरीची, विटकरी रंगाची, एका पाच-सहा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर बसणारी. आधीच सांगून ठेवते, माझा स्वभाव चांगला नाही. गोड बोलणाऱ्या टोप्या दुकानात काचेमागे मांडलेल्या असतात, गोडवा हवा असेल तर तिकडे जा. माझ्या टाक्याटाक्यात राग भरलाय, आणि तो मी काही जन्माला येताना घेऊन आले नव्हते. एका बाईने सुईने ओढून ओढून तो माझ्यात घातला.

टोपी होण्याआधी मी शाल होते. ते दिवस बरे होते म्हणायचे. त्या घरात मोठी बहीण आणि धाकटा भाऊ असे दोघेच. आईबाप लवकर गेले, तेव्हा भावाला बहिणीनेच वाढवलं. लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलाशी उभं राहून तिने अर्धं आयुष्य काढलं, स्वतःच्या लग्नाचं नाव काढलं नाही. मग भावाचं लग्न झालं आणि भावजय घरात आली. बस स्थानकावर तिकिटाच्या खिडकीत बसणारी, बोलायला मोकळी.

त्या पहिल्या हिवाळ्यात नणंदेने भावजयीला क्रोशाची सुई हातात धरायला शिकवलं. साखळी कशी घालायची, तिच्यावर खांब कसे उभे करायचे, ओळ कुठे वळवायची. भावजयीचा हात सैल. टाके कसे, तर ऐसपैस.

"अगं, यातून मांजर जाईल," नणंद म्हणायची.

"जाऊ दे की ताई, तेवढीच हवा," भावजय म्हणायची, आणि दोघी हसायच्या.

तिच्या हातून पहिलं पुरं झालेलं काम म्हणजे मी. तिने ती शाल नणंदेच्याच खांद्यावर घातली. त्यानंतर दर हिवाळ्यात मला अंगावर घेतल्याशिवाय नणंद लाँड्रीत गेली नाही.

पुढे पोर झाली आणि घराचे दिवस फिरले. पोरीचं डोकं अंगाच्या मानाने मोठं, म्हणून आत्याने तिचं नाव पाडलं डोकू. भावजयीच्या कामाच्या पाळ्या कधी पहाटेच्या, कधी संध्याकाळच्या, त्यामुळे डोकू वाढली ती आत्याच्या मांडीवर आणि माझ्या उबेत. पडली की आधी "आतू" म्हणून ओरडायची, आई आठवायची ती मागाहून. भावजयीला ते लागायचं. मग वेणी कुणी घालायची, दूध किती गरम द्यायचं, सर्दीला काय द्यायचं, सगळ्यावरून ठिणग्या. माणसांची ही खोड मला कधी कळली नाही. भांडीकुंडी वाटून घेताना शहाणी असतात, आणि एका पोरीची माया वाटून घ्यायची वेळ आली की शेंबड्या पोरांसारखी हमरीतुमरीवर येतात.

भाऊ दूर डोंगरातल्या एका गावी लाकडाच्या कारखान्यात नोकरीला गेला होता. तिथे त्याला राहायला घर मिळालं आणि त्याने बायको-मुलीला बोलावून घेतलं. भावजयीने ही बातमी चहाच्या वेळी सांगितली, जरा जास्तच आनंदाने. नणंदेने कप खाली ठेवला, धुतला, पालथा घातला. मी तिच्या खांद्यावर होते, मला तिचे खांदे दगडासारखे झालेले कळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खिडकीशी खुर्ची घेऊन बसली, माझं टोक शोधलं, शेवटची गाठ दाताने तोडली आणि ओढायला लागली. भावजय समोर भाजी निवडत होती.

"ताई, काय करताय?"

"दिसत नाही? उसवतेय."

"अहो, पण ती मी तुमच्यासाठी..."

"विणली होतीस. माहीत आहे मला. तिकडे थंडी फार, पोरीला टोपी लागेल. तुझीच लोकर, तुझ्याच पोरीच्या डोक्यावर. तुझं माझ्याकडे काही राहायला नको."

टोपीला लोकर लागते ती केवढीशी. हिने अख्खी शाल उसवली. इतक्या वर्षांची उबदार मी, बघता बघता जमिनीवर ढीग होऊन पडले. अंगावरून काढून ठेवलं असतं तर मी समजून घेतलं असतं, फेकलं असतं तरी चाललं असतं, पण तिने मला असं ओळीओळीने सोलून काढलं, ते मी तिला कधी माफ केलं नाही. तुम्हाला वाटत असेल, करेन पुढे. वाट बघा.

उसवलेली लोकर कुरळी होते. तिची लड करून कोमट पाण्यात धुवायची, खाली वजन टांगून वाळवायची, मग ती सरळ होते. हे नणंदेला ठाऊक होतं, भावजयीला तिनेच शिकवलं होतं. पण रागाला कुठला धीर. तिने तशीच कुरळी लोकर गुंडाळली, बाकीची एका पिशवीत कोंबली आणि टोपीचा माथा सुरू केला. दात आवळलेले, बोटं आवळलेली. फास इतका घट्ट की सुई आत शिरताना करकर वाजायची. पोरीच्या डोक्याचं माप घ्यायचंसुद्धा तिने मनावर घेतलं नाही.

"मला कशाला माप?" ती भिंतीला ऐकवत म्हणाली. "न्हाऊमाखू मी घातलंय त्या डोक्याला."

पहिल्या खेपेला मी तयार झाले तेव्हा डोकूच्या टाळूवर वाटीसारखी बसले. दोन्ही कान उघडे.

"आतू, ही बाहुलीची आहे का?" डोकूने विचारलं.

आत्याने मला खेचून काढलं आणि उसवलं. वर म्हणते कशी, "आईने डोकं वाढवून ठेवलंय पोरीचं." जशी काही भावजय रोज त्यात हवा भरत होती.

दुसऱ्या खेपेला तिने टाके वाढवले. पण राग त्याहून वाढला होता, म्हणून टाके वाढूनही मी होते तेवढीच झाले, वर जाड आणि टोचरी. डोकू घालताच रडली.

"राहू द्या ताई," भावजय म्हणाली. "आम्ही दुकानातून घेऊ."

"घ्या. दुकानातली घाला. तिच्या आतूची नको."

"मी असं म्हटलं का?"

"म्हणायला कशाला हवं?"

त्यानंतर दोघींचं बोलणं बंद. बंद म्हणजे काय, पोरीच्या डोक्यावरून चालू. "डोकू, तुझ्या आईला सांग, दूध उतू गेलं." "डोकू, आत्याला सांग, दिसतंय मला." बिचारी पोर या खोलीतून त्या खोलीत निरोप पोहोचवून दमायची. घरभर खोकी बांधली जात होती, आणि निघायचा दिवस जवळ आला तरी मी अर्धीच होते. दोघींचाही मला सारखाच संताप यायचा. थंडीत गोठणार होते ते कान कुणाचे, एवढाच खरा प्रश्न होता, आणि तो सोडून दोघी बाकी सगळ्यावर लढत होत्या.

निघायच्या आदल्या दिवशी नणंद मला खुर्चीवर ठेवून कामाला गेली. माथा झाला होता, खालचा घेर बाकी होता, मोकळा फास सेफ्टी पिनेत अडकवलेला. भावजय खोकं बांधता बांधता खुर्चीपाशी थांबली. तिने मला उचललं. मला वाटलं, आता ही मला खिडकीबाहेर भिरकावणार, आणि खरं सांगते, तिच्या जागी मी असते तर भिरकावलं असतं.

ती खाली बसली आणि पिन काढून तिने सुई फासात घातली. ठरावीक अंतरावर एका टाक्यात दोन खांब घालून घेर वाढवत, आपल्या त्या सैल हाताने, ती कानांपर्यंत उतरली. माझी पार शोभा झाली. वरून दगड, खालून जाळी. पण डोकूच्या डोक्यावर घालून पाहिलं तर बसले की मी. कान झाकले, कपाळ झाकलं, पोर आरशात बघून हसली. भावजयीने मला परत खुर्चीवर ठेवलं, फास पिनेत अडकवून. शेवटची गाठ मात्र तिने मारली नाही.

संध्याकाळी नणंद आली, मला हातात घेतलं आणि तिचा अंगठा बरोबर त्या ओळीवर थांबला जिथे तिचा हात संपून दुसरा सुरू झाला होता.

"डोकू, तुझ्या आईला विचार, माझ्या कामाला हात कुणी लावला?"

"सांग, मी लावला," भावजय दारातून म्हणाली.

नणंदेने पिन काढली आणि ओढलं. दुपारभराचं काम क्षणात गेलं. भावजय दारातच उभी राहिली, हलली नाही. मग नणंदेने सुई घेतली, तशीच वाढ घालत, तशीच ओळ करायला लागली. घट्ट झाली. उसवली. बोटं झटकली, खांदे सैल सोडले, पुन्हा घातली. चार टाके बरे आले आणि पाचव्याला दात आवळले गेले. पुन्हा उसवली. तिची बोटं लाल झाली होती. डोकूने तिच्या मांडीवरून मला उचललं आणि डोक्यावर ठेवलं. मी पुन्हा वाटी.

"आतू," डोकू म्हणाली, "आईची बसली होती."

नणंद त्या उघड्या कानांकडे बघत राहिली. मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिने भावजयीकडे सरळ बघितलं.

"घे. तूच घाल."

"ताई..."

"घाल म्हटलं ना. माझा हात आवळतो. मला सैल सोडता येत नाही."

भावजय समोर बसली आणि विणायला लागली. तुम्हाला वाटेल आता दोघींचे डोळे भरून आले असतील. कुठलं काय.

"वाढ चुकली."

"नाही चुकली."

"मोज."

"मोजली. तुम्हीच शिकवलंत असं."

"असं नव्हतं शिकवलं मी. मांजर जाईल यातून."

या वेळी कुणी हसलं नाही. शेवटच्या टाक्याशी आल्यावर भावजयीने दोरा तिच्यापुढे धरला. नणंदेने गाठ मारली, आणि अशी मारली की सुईचं टोकही तिच्यात शिरणार नाही.

दुसऱ्या दिवशी ती बस स्थानकावर निरोप द्यायला आली नाही. डोकूने मात्र मला वाटेत एकदाही काढलं नाही. गरम होऊन घाम आला तरी नाही.

आता मी या डोंगरातल्या गावी आहे. माझ्या हालांचं काय सांगू? शाळेत खुंटीवर टांगतात, शेजारी गोंडेवाल्या टोप्या. पोरं मला अळंबी म्हणतात. डोकू त्यांना सांगते, "ही माझ्या आतूची आहे." माझ्या कडेला ती नाकही पुसते. या पोरीवरही माझा राग आहे, पण तिचं डोकं उबदार आहे, हे मान्य करते.

यंदाची थंडी आली आणि कान पुन्हा बाहेर. डोकं वाढलंय. तिचा बाप म्हणाला, "नवी घेऊन टाकू." भावजयीने मला मांडीवर घेतलं आणि गाठ सोडवायला बसली. गाठ सुटेना. कात्री आणली, उघडली, गाठीपाशी नेली. माझा जीव गोळा झाला. मग तिने कात्री मिटून ठेवली आणि फोन लावला. एरवी फोन लागला की डोकूच्या हातात देऊन ती बाजूला होते. या वेळी दिला नाही.

"ताई, टोपी लहान होतेय."

पलीकडून इस्त्रीच्या वाफेचा आवाज येत होता. मग उत्तर आलं.

"तेव्हाच सांगत होते, मोज म्हणून."

"डोकं वाढलंय तिचं."

"मग खालून उसव. तुझ्याच ओळी आहेत."

"गाठ सुटत नाही."

"काप मग."

"नाही कापवत."

वाफेचा आवाज थांबला.

"हात लावू नकोस तिला," पलीकडून आवाज आला. "मी येते."

"या. इथे लोकर मिळते, मी आणून ठेवते."

"नको. शालीतली उरलीय."

"ठेवलीत?"

"ठेवायला काय झालं? धुऊन, वजन लावून सरळ करून ठेवलीय कधीची."

भावजयीने फोन ठेवला आणि मला छातीशी धरून बसली. मला ते आवडलं नाही, पण मी बोलले नाही.

तर सध्या मी दाराजवळच्या खिळ्यावर आहे आणि ती बाई यायची वाट बघतेय. आल्या आल्या दोघी भांडतील, चहाचा पहिला घोटही पोटात गेलेला नसेल. भांडू देत. माझा कुणावरचा राग गेलेला नाही आणि जाणार नाही. पण बायांनो, उद्या मला उसवायला बसाल तेव्हा एवढं ऐका. माथ्याशी येऊन थांबा. तो टोचतो, मला ठाऊक आहे, पण तो तसाच राहू द्या. खालचा घेर जिचा हात सैल आहे तिने घालावा, हवा तेवढा मोठा. आणि शेवटची गाठ पुन्हा त्याच बाईला मारू द्या.