मला दुखता आलं नाही

मी एक काढून टाकलेला दात आहे. मित्रांनो, दात म्हटलं तरी मी कुणाच्या हिरडीत उगवलो नाही. खाली धातूचा स्क्रू आणि वर पांढरी टोपी, असं माझं रूप. कारखान्यात पाकिटात बंद झालो, तेव्हा वाटलं होतं की आपण कुणाला तरी जन्मभर पुरणार.

मी आलो अश्वजितच्या वाट्याला. घाटंजीजवळच्या खेड्यातला हा मुलगा. कबड्डीत कुणाचं तरी कोपर लागून त्याची दाढ गेली होती आणि त्याला तर फौजेत जायचं होतं. यवतमाळच्या डॉक्टर दिपालीबाईंनी मला त्याच्या जबड्यात बसवलं. हाड मला घट्ट धरेपर्यंत या बाजूने चावायचं नाही आणि तंबाखूच्या खर्ऱ्याला हातही लावायचा नाही, असं त्यांनी बजावलं. अश्वजितने मान डोलावली. त्यातलं पहिलं तेवढं त्याच्या लक्षात राहिलं.

सुरुवातीला माझे फार लाड झाले. टोपी बसली तेव्हा त्याची आई कांताबाई शेजारणींना बोलावून सांगायची, "पाहा बरं, यातला नवा कोन्ता ते वयखून दाखवा." कुणालाच ओळखता यायचं नाही. मी मनातून फुलून जायचो.

पण पहाटेची दौड झाली की सगळी पोरं पानठेल्यावर जमायची. सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटून घ्यायचा आणि सगळ्यांनी वाटून खायचा, अशी त्यांची रीत होती. एकदा त्यांच्यातल्याच पिंटूने त्याला डॉक्टरीणबाईंची आठवण करून दिली.

अश्वजित म्हणाला, "त्यायनं चावू नको म्हनलं. मी कुठी चावून राह्यलो? नुसता गालात ठेवून राह्यलो."

आणि तो खर्रा त्याने माझ्याच बाजूला ठेवला. इथे चावायचं नसतं, म्हणून त्याला हीच जागा सोयीची वाटली.

माझ्याभोवतीची हिरडी सुजली. मला धरून बसलेलं हाड कणाकणाने सुटू लागलं. मला सगळं कळत होतं, पण मला नस नाही. खरी दाढ असती तर ठणकली असती, त्याला झोपू दिलं नसतं. कांताबाई विचारायची, "दुखते काय रे बापू?" तो हसून म्हणायचा, "नाई माय, एकदम पक्का हाय." मी काय करणार होतो?

धावण्यात तो पहिला आला. मग दातांची तपासणी झाली. फौजेचे डॉक्टर म्हणाले, की हल्ली भरतीच्या पुष्कळ पोरांच्या तोंडात असे दात दिसतात, घट्ट असला की झालं. त्यांनी मला बारीक दांडीने दाबलं. मी जीव खाऊन हाड धरायला गेलो, पण धरायला काही उरलंच नव्हतं. मी हललो. त्यांनी पुन्हा दाबलं, मी पुन्हा हललो. त्यांनी अश्वजितला बाद केलं.

भरतीचं त्याचं वय त्याच वर्षी संपलं.

आता मी कांताबाईच्या कुंकवाच्या रिकाम्या डबीत असतो. ती कधी झाकण उघडते, माझ्याकडे बघते आणि लावून टाकते. बाहेर अश्वजितचा आवाज येतो. तो खर्रा आता दुसऱ्या गालात ठेवतो.

मित्रांनो, त्या बाजूचे दात त्याचे स्वतःचे आहेत. ते ठणकतील, ओरडतील. तुमचे ओरडले तर त्यांचं ऐका. मला दुखता आलं असतं, तर आज अश्वजित वर्दीत असता.