वरचा मजला तेव्हा नव्हताच

मित्रांनो, मी एक जुनी दुमजली इमारत आहे. जुनी म्हटल्यावर लगेच नाक मुरडू नका! माझा पाया खडकात आहे, भिंती ओळंब्याला सरळ आहेत, आणि उताराच्या कोपऱ्यावर उभी असल्यामुळे मला दोन्ही रस्ते दिसतात. आतलं तर सगळं ऐकू येतंच. भिंतींना कान असतात म्हणतात ना, ते खरं आहे.

मी जन्मले तेव्हा बैठी होते. एका चष्मेवाल्यानं मला बांधून घेतलं. पुढे दुकान, मागे राहायच्या खोल्या. त्याला दोन मुलं. थोरली आक्का जन्मापासून आंधळी. लोक हळहळायचे, पण आक्का कुणाची कीव खपवून घेणारी नव्हती. दुकानात बसून ती चष्म्यांच्या काड्या बसवायची. कुणी फार चुकचुकलं तर म्हणायची, "डोळे असून धडपडणारे मी रोज ऐकते."

धाकटा मुलगाही चष्मेवाला झाला. त्याचं लग्न झालं, सून आली. मोडलेल्या हातापायांना व्यायाम देऊन पुन्हा चालतं करणं हा तिचा व्यवसाय. म्हाताऱ्यानं अंथरूण धरलं तेव्हा त्याला उठवलं-बसवलं तिनंच. एका दुपारी ती त्याचा गुडघा वाकवत असताना त्यानं मुलाला जवळ बोलावलं.

"घर तुझ्या नावावर केलंय," तो म्हणाला, "पण ते आक्काचं आहे. तू नुसता राखणदार."

"बाबा, हे काय सांगायला हवं?" मुलगा म्हणाला.

कागदावर नाव एकाचं आणि खरा हक्क दुसऱ्याचा असला, की त्या नाववाल्याला विश्वस्त म्हणतात. म्हातारा निश्चिंत मनानं गेला. पुढे नवरा-बायकोनं मिळून माझ्यावर दुसरा मजला चढवला. काय दिवस होते ते! सूनबाई पदर खोचून स्वतः नव्या भिंतींवर पाणी मारायची. वर तिच्या रुग्णांसाठी ऐसपैस खोली झाली. "जिना चढता आला की अर्धा आजार पळाला," असं ती त्यांना सांगायची. येणारे-जाणारे मान वर करून माझ्याकडे बघत, आणि मी मनातून फुलून जाई.

पण माणसांचं बिनसतं. या दोघांचं असं बिनसलं की एका छपराखाली दोन चुली झाल्या आणि गोष्ट काडीमोडापर्यंत गेली. वाटणी निघाली. वाटायला मी होते आणि दोघांनी घेतलेला गावाबाहेरचा एक भूखंड. तेव्हा नवऱ्याला एकाएकी बाबांचा शब्द आठवला. ही सगळी इमारत बहिणीची, आपण फक्त विश्वस्त, बायकोला यातली वीटही मिळायची नाही, असा दावा त्यानं ठोकला. बहिणीला विचारायचं मात्र राहूनच गेलं.

माझे हाल सुरू झाले. गच्चीची नळी तुंबली, भिंतीत ओल उतरली. "तिच्या घशात जाणार असेल तर मी कशाला दुरुस्त करू?" तो म्हणे. "आपलंच आहे म्हणतो ना? मग करू दे की," ती म्हणे. दोघांच्या भांडणात मी भिजत राहिले.

सूनबाईचा वकील एकदा वरच्या खोलीत येऊन म्हणाला, "लेखी काहीच नाही. त्या दुपारी तुम्ही तिथे होता. 'असं काही ऐकलं नाही' एवढंच म्हणा, अर्धी इमारत तुमची."

तिनं पुढच्या रुग्णाला आत बोलावलं.

मग न्यायाधीशबाई स्वतः मला पाहायला आल्या. दुकानात खुर्च्या मांडल्या गेल्या. त्यांनी सूनबाईला विचारलं, "तुमचे सासरे असं म्हणाले होते?"

"हो, माझ्यासमोरच. घर आक्कांचं आहे."

वकिलानं कपाळावर हात मारला. नवऱ्याचा चेहरा खुलला. पण ती अजून थांबली नव्हती.

"फक्त वरचा मजला तेव्हा नव्हताच. जे नव्हतं ते बाबा कुणाला कसं देतील? तो आम्ही दोघांनी बांधलाय."

"छप्पर बाबांचं होतं," नवरा उसळून म्हणाला, "त्यावरचं सगळं आक्काचंच!"

"थांब रे," आक्का म्हणाली. "बाबांनी दिलं ते मी सोडणार नाही, आणि न दिलेलं घेणार नाही. माझं नाव पुढे करून हिला बाहेर काढायला निघालास! कुंपणानंच शेत खाल्लं तर मी दाद कुणाकडे मागायची?"



निकाल लागला. खालचा मजला आक्काच्या नावावर झाला. वरचा मजला आणि भूखंड दोघांचे ठरले, त्यातला भूखंड त्यानं घेतला आणि मजला तिनं. बाहेरून लोखंडी जिना लागला. दुकान आक्कानं भावाकडेच ठेवलं, पण "आता तू माझा भाडेकरू" असं बजावून. त्या दोघांचा संसार काही पुन्हा जुळला नाही. तरी नळी साफ करायला त्यानं शिडी धरली आणि तिनं आत हात घातला. माझी भिंत हळूहळू सुकली.

मित्रांनो, वाटणी करायची वेळ आली तर खुशाल करा. पण वाद मिटेपर्यंत घराकडे पाठ फिरवू नका. आणि कुणी विश्वासानं दुसऱ्यासाठी काही हाती सोपवलं असेल, तर जेवढं सोपवलं तेवढंच त्या दुसऱ्याचं म्हणा, ना कमी ना जास्त.

काल एका नव्या रुग्णानं दारात थबकून विचारलं, "हे घर नेमकं कुणाचं?"

आक्का आतून म्हणाली, "खालचं माझं, वरचं तिचं आणि पायपुसणं दोघींचं. पाय पुसून जा!"