बापाची बाजू

वादात सिद्धोधन सरांना हरवणं म्हणजे काही खायचं काम नव्हतं. पोखर्णीच्या पुढल्या त्या गावात सातवीच्या पोरांना त्यांनी एक गोष्ट पक्की शिकवली होती. आपलं म्हणणं पटवायचं असेल तर आधी समोरच्याची बाजू बोलायची, आणि तीही जीव ओतून. मग आपली. शाळा सुटली की मात्र सर आणि त्यांची भाड्याची खोली. बायको गेल्यापासून घरात आवाज म्हणून कुकरच्या शिट्टीचा. लेक सुकेशनी नाशकात. तिला फोन करायचे, "काही नाही, सहज केला" म्हणायचे आणि ठेवून द्यायचे. बोलण्यात एवढा पटाईत माणूस, पण स्वतःचं एक वाक्य सांगायचं म्हटलं की बोंब.

दिवाळी सरली, ऊसतोडीला जाणाऱ्यांची बांधाबांध सुरू झाली, तशी सातवीतली ज्ञानेश्वरी शाळा सुटल्यावर मागे थांबली. मागच्या साली तिची आई वारली होती.

"सर, अण्णा मला तोडीला संगं न्यायलेत. मला आजीपाशी राहून शिकायचंय. अण्णाला कसं पटवू?"

"आज मीच तुझा अण्णा. पटव मला."

पोरगी तयारीची. शिकले तर हातात कोयता येणार नाही, आजीला सोबत होईल, परीक्षा बुडणार नाही. मुद्दे चोख होते. आता सरांनी थोडं ताणून धरायचं आणि हरायचं, एवढंच काम राहिलं होतं.

पण सर बोलायला लागले आणि वाहवत गेले. "समदं खरं हाय पोरी. पण सांजच्याला परत आल्यावर 'आलात का' म्हणणारं कुणी लागतंय. भाकर म्होरं असती, घास उतरत न्हाई. बोलायचं म्हणलं तर म्होरं नुसती भिंत. तू न्हाईस तर म्या कुणासाठी परत यायचं?"

ज्ञानेश्वरी डोळे पुसत घरी गेली. विचार करेल आणि मुद्दा शोधेल, असं सरांना वाटलं.

निघायच्या सकाळी ट्रॅक्टर वेशीत उभा होता. तिचा बाप रामहरी सरांना बोलवायला आला.

"सर, म्या तर तिला माझ्या मायपाशी ठेवायला राजी झाल्तो. आता पोरगीच ऐकना. 'अण्णा, तुमाला एकटं सोडणार न्हाई' म्हणायलीय. तुमी तरी समजावा."

सर तसेच वेशीकडे निघाले. ती ट्रॉलीत भांड्याकुंड्यांजवळ बसली होती, भोवती सगळा गाव. लाज वाटत होती, पण पोरीचं वर्ष बुडणार होतं.

"ज्ञानेश्वरी, उतर खाली. त्या दिवशी बोललो ते तुझ्या अण्णाचं नव्हतं गं. माझं होतं."

"वाटलंच मला," ती म्हणाली. "तोडीवर उसाच्या पाचटाच्या कोपीत, झोपडीत राहतो आमी, तुमी म्हणला तशी भिंत तिथं कुठली. पण सर, अण्णाबी तुमच्यावानीच कुणाला काय सांगत न्हाईत."

रामहरीनं तोंड फिरवलं. सर ट्रॉलीपासून मागे सरले. ट्रॅक्टर तिला घेऊन निघून गेला.

संध्याकाळी त्यांनी फोन लावला. "सहज केला" ओठांवर आलंच होतं.

"सुकेशनी, एकट्याला जेवण जात नाही गं."



"बाबा, हे आजपर्यंत का नाही सांगितलं?"

या वेळी सरांनी फोन ठेवून दिला नाही.