दोरीच्या शिडीपर्यंत

निशिकांत सुर्वेला प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला तेव्हा तो सेहेचाळीस वर्षांचा होता. वीस वर्षं इंजिनरूममध्ये काढून तो आता सिंगापूरच्या एका शिपिंग कंपनीत सुपरिंटेंडंट होता. बंदराबाहेर नांगरलेल्या जहाजांपर्यंत लाँचने जायचं, दोरीच्या शिडीने वर चढायचं आणि इंजिनं तपासायची, हे त्याचं काम.

ऑपरेशन नीट झालं. "गाठ पूर्ण निघाली," डॉक्टर म्हणाल्या. "एका बाजूच्या नसा वाचवल्या, दुसऱ्या बाजूच्या काढाव्या लागल्या. वय कमी आहे, त्यामुळे लघवीवरचा ताबा बहुधा येईल. शरीरसंबंधांचं मात्र आत्ता सांगता येणार नाही."

लघवीची नळी काढल्यावर आठवड्याभराने तो बायकोबरोबर, मीनलबरोबर, MRT मेट्रोने घरी येत होता. टॅम्पिनीस स्टेशनला उतरायला उठला आणि पँट ओली झाली. मीनलने आपली पिशवी त्याच्या हातात दिली. "पुढे धर. चल."

घरी आल्यावर तो म्हणाला, "उद्याच कळवतो ऑफिसला. मला बसून करायचं काम द्या म्हणून."

"कळव. पण तीन महिन्यांनी."

फिजिओने स्नायू आवळून धरायचे व्यायाम दिले होते. निशिकांत ते बस स्टॉपवर करायचा, हॉकर सेंटरमध्ये जेवणाच्या रांगेत करायचा. सकाळी लिफ्ट सोडून बारा मजले जिन्याने चढायचा. शिंक आली की सगळं ढासळायचं. कपडे बदलून तो पुन्हा जिन्याकडे जायचा. तिसऱ्या महिन्याअखेर दिवसाला एक पातळ पॅड पुरायला लागलं. ऑफिसला त्याने काहीच कळवलं नाही.

चौथ्या महिन्यात तो जहाजावर गेला. लाटेवर लाँच वरखाली होत होती. शिडीच्या मध्यावर चार थेंब गळाले, ते त्याला कळलं. तो थांबला नाही. त्या दिवशी सहा तास इंजिनरूममध्ये काम करून मगच तो खाली उतरला.

घरात मात्र तो मीनलपासून लांब लांब राहू लागला होता. एका रविवारी दुपारी, लेक ट्यूशनला गेल्यावर, तिने विषय काढला.

"तू पाठ फिरवून झोपतोस, तेच मला जास्त लागतं."

"मला जमत नाहीये, मीनल."

"माहीत आहे मला. म्हणून बोलायचंही नाही?"

त्याला रडू आलं. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच.

पुढच्या तपासणीला ती बरोबर गेली. जे विचारायला त्याची जीभ रेटत नव्हती, ते तिनेच डॉक्टरांना सरळ विचारलं. गोळ्या सुरू झाल्या. कधी उपयोग व्हायचा, कधी नाही. नाही झाला तरी दोघं एकमेकांच्या कुशीत पडून राहायची.

वर्ष झालं. तपासणीत रक्तात कॅन्सरची काही खूण सापडली नाही. पॅड केव्हाच सुटलं होतं. नसांना सावरायला अजून वर्षभर लागू शकेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. "मग वर्षभर गोळ्या चालू ठेवू," मीनल म्हणाली.

त्यानंतर काही दिवसांनी ऑफिसमधला वरुण केबिनमध्ये आला आणि त्याने दार लावून घेतलं. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, हातात बायोप्सीचा रिपोर्ट.

"सर, खरं सांगा. नंतर सगळं पहिल्यासारखं होतं?"

"नाही," निशिकांत म्हणाला. "सगळं नाही होत. बस, सांगतो."

काय परत आलं आणि काय अजून आलेलं नाही, ते त्याने काहीही न लपवता सांगितलं. वरुणने रिपोर्टची घडी घातली.

"बायकोला अजून बोललो नाहीये."

"मग तुझी आजची मीटिंग मी बघतो," निशिकांत म्हणाला. "तू आधी घरी जा."