सुखतळे

सांडूच्या मेंढ्या एका पावसाळ्यात रोगानं गेल्या. ज्या वाचल्या त्या थोरल्या भावाच्या, राधाकिसनच्या वाटणीतल्या होत्या. सांडूनं काठी कोपऱ्यात ठेवली आणि तो रेल्वेत लागला. निजामसरकारची गाडी मनमाडहून जालन्यावरून पुढं हैदराबादेकडं जायची. बदनापूरच्या अलीकडच्या रुळावर जी टोळी होती तिच्यात तो चावीवाला झाला. हातोडा खांद्यावर टाकून रुळाच्या कडेनं चालत जायचं, रूळ धरून ठेवणारी लोखंडी चावी ढिली दिसली की ठोकून बसवायची आणि पुन्हा पुढं. सकाळी निघायचं ते दिवस कलल्यावर परत फिरायचं.

मेंढरांमागं वाढलेल्या माणसाला चालण्याचं भय नव्हतं. पण रानातली माती पायाला सांभाळून घेते, खडी घेत नाही. तिच्यावर प्रत्येक पाऊल वाकडं पडतं. सांडू घरी आला की ओट्यावर बसून वहाणा काढायचा आणि तळवे दोन्ही हातांत धरून बसायचा.

"आग व्हतीया नुसती," तो म्हणायचा. "जसं इस्तवावर पाय ठिवलाय."

त्याची बायको आसराबाई भोकरदनकडची. तिच्या माहेरी सगळे घोंगड्या विणायचे. मिठाचं गरम पाणी झालं, एरंडीचा पाला झाला, तरी आग कमी होईना. तेव्हा तिनं राधाकिसनच्या मेंढ्यांची लोकर मागून आणली. ती पिंजली, गरम पाणी शिंपडत पाटावर मळली, दाबली, पुन्हा मळली. लोकरीचा घट्ट थर तयार झाला. त्यावर सांडूचं पाऊल ठेवून तिनं कोळशानं रेघ ओढली आणि कापून दोन तुकडे काढले. बदनापूरच्या मोच्यानं त्यावर पातळ कातडं लावून ते वहाणांत बसवून दिले.

"याला सुखतळा म्हणत्यात बाई," मोची म्हणाला. "शहरातल्या बुटात असतो. पर लोकरीचा म्या पहिल्यांदाच पाहून राह्यलो."

सांडूला फरक पडला. पहिल्याच आठवड्यात तो घरी आल्यावर पाय धरून बसायचा थांबला. त्यानं टोळीत सांगितलं. मग टोळीचा मुकादम पुंजाराम स्वतः आसराबाईच्या दारात आला. पुंजाराम गावातल्या मराठ्यांपैकी, घरी जमीन असलेला, बोलायला कडक माणूस. पण त्या दिवशी तो ओट्याच्या खाली उभा राहून म्हणाला, "आसराबाई, मलेबी करून द्या तसले. टाचा पार मोडल्या मह्या."

तिनं करून दिले. मग टोळीतल्या एकेकानं मागितले. कुणी जवारी आणून द्यायचं, कुणी सरपण. सासू गोपिकाबाई कधी सुनेचं कौतुक करणारी नव्हती, पण तीसुद्धा पाणवठ्यावर सांगू लागली, "सारी टोळी आमच्या आसराच्या लोकरीवर चालती." आसराबाईला हे ऐकून बरं वाटायचं. तिला मूल नव्हतं, आणि गावात तिचं नाव आजवर दुसऱ्या कोणत्याच कारणानं निघालं नव्हतं.

वर्ष गेलं. सांडू म्हणू लागला की आता पाय दुखतच नाहीत. दुसऱ्या चावीवाल्याला ताप आला की त्याचाही पल्ला हा चालून यायचा.

पुंजाराम एकदा हसून म्हणाला, "वहिनी, नवऱ्याला काही येगळं घालून देता का वं? आमालेबी बरं वाटतं, न्हाई असं न्हाई, पर सांजच्याला दुखायचं ते दुखतंच. ह्यो गडी तर बिलकुल थकत न्हाई."

"सारखंच देते की," आसराबाई म्हणाली. तिला मनातून आनंदच झाला.

लोकर दबून दगडासारखी झाली की ती जुने सुखतळे काढून नवे घालायची. त्या उन्हाळ्यात तिनं उजव्या वहाणेतला सुखतळा ओढला तर तो निघेना. ओढून काढला तेव्हा तो खालपासून वरपर्यंत काळा, कडक झालेला होता. मधोमध बाभळीचा काटा होता. वहाणेचा तळ फोडून, लोकरीतून तो वर आला होता आणि त्याचं टोक मोडलेलं होतं.

सांडू ओट्यावर भाकरी खात होता. तिनं त्याचा पाय उचलून पाहिला. टाचेच्या पुढं भोक होतं आणि त्याच्या कडा पांढऱ्या पडल्या होत्या. वास येत होता.

"आवं, काटा मोडलाय तुमच्या पायात. कळलं न्हाई तुमाला?"

"कुठं?" सांडूनं पाय वळवून पाहिलं. दुसऱ्या कुणाचा पाय पाहावा तसं त्यानं पाहिलं. "आरं! कवा मोडला काय म्हाईत. दुखत तर न्हाई."

ती पाणी घेऊन आली आणि जखम धुऊ लागली. सांडू भाकरी खाता खाता बोलत होता. स्टेशनमास्तरची शेळी रुळावर बसली, गाडी शिट्ट्या मारून थांबली आणि मास्तर लुंगी सावरत पळाला, अशी ती हकीगत होती. आसराबाईच्या हाताशी घोंगडीची दाभण पडलेली होती. तिनं ती उचलली. का उचलली ते तिला सांगता आलं नसतं. जखमेपासून दूर, अंगठ्याच्या खालच्या मांसात तिनं दाभणीचं टोक लावलं आणि दाबलं. सांडू बोलतच होता. तिनं आणखी दाबलं. दाभण नखभर आत गेली, रक्ताचा थेंब आला.

"आन मंग मास्तर त्या शेळीच्या पाया पडला का काय, असं वाकला," सांडू म्हणाला आणि मोठ्यानं हसला.

आसराबाईनं दाभण काढून घेतली. त्याच्या पाठीवर एक फिकट चट्टा होता. साधं सुरमट समजून ती त्यावर करंजीचं तेल लावत आली होती. आता तो चट्टा तिच्या डोळ्यांपुढं उभा राहिला.

तिनं कुणाला सांगितलं नाही. काट्याचं निमित्त करून ती त्याला जालन्याला, मिशनच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी काटा काढला, पाठ पाहिली, कानाच्या पाळ्या चाचपल्या, डोळे बांधून पिसानं त्याचे हातपाय तपासले. मग सांडूला बाहेर बसवून तिला सांगितलं. महारोग. पुष्कळ दिवसांपासून असावा.

"मह्या लोकरीनं झालं का?" तिनं विचारलं.

"नाही बाई. लोकरीनं हा रोग होत नाही. ती आग होत होती ना, तीच याची सुरुवात असेल. मग शीर मेली, पाय मुका झाला." डॉक्टरांनी कागदावर पत्ता लिहून दिला. "निजामाबादेच्या बाजूला या रोग्यांसाठी वेगळा दवाखाना आहे. तिथं सुया देतात. तिकडं न्या. आणि या पायावर चालू देऊ नका."

पण चालणं हीच त्याची नोकरी होती. घरी आल्यावर सांडूनं सगळं, दाभणीचंसुद्धा, ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी हातोडा उचलून निघाला. तिनं दार अडवलं.

"मंग खायचं काय?" तो म्हणाला. "आन दुखत तर न्हाई. दुखलं असतं तर बसलो असतो."

ती रोज जखम बांधायची, जखमेभोवती जागा सोडून कापलेला मऊ सुखतळा घालायची. जखम भरत नव्हती. पुढं रेल्वेचा साहेब ट्रॉलीवरून रूळ पाहायला आला. त्याला सांडूच्या मागं खडीवर ओले डाग दिसले. त्यानं वहाण काढायला लावली. त्याच दिवशी सांडूचा हातोडा पुंजारामनं काढून घेतला.

गावाला कळायला वेळ लागला नाही. राधाकिसननं भावाला मळ्यातल्या खोपीत राहायला सांगितलं. आसराबाईही त्याच्यासोबत गेली. गोपिकाबाई बांधावर भाकरी ठेवून जायची आणि लांबून हाक मारायची. तिला रडू यायचं, पण ती बांध ओलांडत नव्हती. टोळीतल्या माणसांनी आपापल्या वहाणांतले सुखतळे उपटून काढले आणि रुळाच्या कडेला ढीग करून पेटवले. जळक्या लोकरीचा वास खोपीपर्यंत आला. आसराबाईनंच हा रोग घरोघर वाटला, असं आता बाया बोलू लागल्या. पाणवठ्यावर तिची घागर कुणी जवळ ठेवू देईना. डॉक्टर काही म्हणाले असले तरी एवढी सगळी माणसं एकच गोष्ट बोलताना ऐकून तिलाही कधी कधी ती खरी वाटायची.

एका दुपारी पुंजाराम खोपीकडं आला. सांडू आत झोपला होता. मुकादमाचा चेहरा उतरला होता.

"वहिनी, सांडू म्हणला व्हता ते दाभणीचं... तुमी कसं पाह्यलं व्हतं?" तो हळू बोलत होता. "मह्या पायाला मुंग्या येऊन राह्यल्या. झोप न्हाई मले. घरी कुणाला सांगू? तुमी पाहा."

"तुमीच पाहा की टोचून."

"मह्यानं व्हत न्हाई. म्या हात लावला की आधीच दुखल्यावाणी वाटतं."

त्यानं मान फिरवून डोळे मिटले आणि पाय पुढं केला. आसराबाईनं दाभण टेकवली मात्र, पुंजाराम "आई गं!" म्हणून ओरडला आणि पाय ओढून घेऊन खाली बसला. एवढा दांडगा माणूस, पाय छातीशी धरून तो लहान पोरासारखा रडला. मग डोळे पुसून उठला.

"मही इच्छा नव्हती वहिनी, लोकर जाळायची," तो म्हणाला. "पर टोळी ऐकत न्हाई." आणि मागं न पाहता निघून गेला. त्यानंतर तो पुन्हा आला नाही.

पाऊस सुरू होण्याआधी निजामाबादेला जायचं ठरलं. बदनापूरच्या स्टेशनात गार्डनं सांडूकडं पाहिलं आणि हात आडवा केला. महारोग्याला गाडीत घ्यायची मनाई होती. सांडू त्याला म्हणाला, "साहेब, ह्याच रुळाची चावी म्या ठोकीत व्हतो." गार्डनं मान खाली घातली, पण हात काढला नाही. राधाकिसनकडं बैलगाडी मागितली तर तो म्हणाला की गाडी बाटली तर त्याच्या पोरांचं काय. शेवटी दोघं पायीच निघाली. वाट चुकण्याचा प्रश्न नव्हता, रूळ तिकडंच जात होता.

आसराबाईनं वहाणेत लोकरीचा दुहेरी थर घातला होता. दर थोड्या वेळानं ती त्याला बसवायची, पाय उघडून पाहायची, पुन्हा बांधायची. सांडू म्हणायचा, "चल की, मला काय व्हत न्हाई." गावं टाळून, विहिरींवर लांबून पाणी मागून ती जालना, मग परतूर मागं टाकत गेली. परतूरच्या पुढं पाय घोट्यापर्यंत काळा पडला. मग थंडी वाजून ताप आला. तरीही तो चालत होता, आणि तो चालतो आहे हे पाहून तिला धावत जाऊन त्याचे पाय धरावेसे वाटत होते.

सेलूच्या अलीकडं एका लिंबाखाली तो बसला तो उठला नाही. दुपारपर्यंत बरळत होता. चाव्या ढिल्या आहेत म्हणत होता. उन्हं उतरायच्या आत गेला.

तिकडची टोळी रुळावर काम करत होती. बाईचं रडणं ऐकून माणसं धावत आली. त्यांच्यातल्या म्हाताऱ्या मुकादमानं विचारलं, "काय झालंतं गड्याला?"

आसराबाईनं त्यांच्याकडं पाहिलं. खरं सांगितलं तर ही माणसं तिथूनच मागं फिरतील, हे तिला ठाऊक होतं. सांडूला कोल्हीकुत्री ओढतील.

"काटा मोडला व्हता पायात," ती म्हणाली. "चिघळला. ह्येबी रेल्वेतच व्हते, बदनापूरला, चावीवाले."

"आपलाच मानूस की मंग," म्हातारा म्हणाला.

त्यांनी रुळाखालून काढून टाकलेले सडके लाकडी स्लीपर आणून चिता रचली. चौघांनी सांडूला हातांनी उचललं, एकानं त्याचं डोकं मांडीवर घेऊन तोंडात पाणी घातलं. आसराबाई ते हात पाहत राहिली. किती वेळा तिच्या ओठांवर शब्द आला आणि तिनं तो गिळला. अग्नी म्हाताऱ्यानंच दिला.

मग माणसांनी ओढ्यावर अंघोळी केल्या. म्हातारा ओल्या कपड्यांनीच तिच्याजवळ येऊन बसला, आपलं फडकं सोडलं, भाकरी मोडली आणि अर्धी तिच्यापुढं धरली. ती थोडी मागं सरकली. त्याला ते कळलं नाही, तो पुन्हा जवळ सरकला.

"खा बाई," तो म्हणाला. "लई लांब चालत आलीस."

तिनं भाकरी घेतली.