देवाचा दाणा

दाभोशाच्या पाड्यावर सगळा गाव लोटला होता. मधोमध पाण्याने भरलेलं ताट, ताटामागे लाडक्या नावाचा भगत आणि त्याच्या अंगात हिरवा देव! फागूचा मुलगा तापाने गेला होता, आता लेक चैतीही फणफणली होती. पोरांना खाणारी भुताळी कोण, ते भाताचा दाणा सांगणार होता. दाणा बुडाला तर बाई निर्दोष, तरंगला तर भुताळी. मग तिचं घर पेटवायचं आणि तिला रानात हाकलायचं. जव्हारात राज्य राजाचं असेल, पाड्यावर भगताचं!

भगत एकेका बाईचं नाव घेऊन दाणा टाकू लागला. तुळशीचा दाणा बुडाला. पोशीचा बुडाला. नवशीचा मात्र तरंगला.

"हूं... हूं! गावली! सात डोंगर धुंडून आणली!" भगत घुमू लागला. घुमताघुमता देव एका डोळ्याने गर्दीचा अंदाजही घेत होता.

'भगताचं ऐकून बोकड कापू नको, पोरीला जव्हारला डॉक्टरकडे ने,' असं नवशी परवाच फागूला म्हणाली होती. भगताने त्याचाच वचपा काढला, हे तिला लगेच कळलं आणि तिचं डोकं सणकलं.

"निघ गावातून!" फागूने काठी उगारली.

"मार. पण आधी एक दाणा भगताच्या नावाचा पडू दे."

"देवाची परीक्षा घेतेस? जीभ झडेल!" भगत ओरडला.

"झडली तर माझी झडेल. तू का घाबरतोस? आणि माझ्याच वेळी डावा हात कसा पुढे आला रं?"

तिने झडप घालून त्याची डावी मूठ उघडली. दाणे ताटात सांडले. एकूणएक तरंगले.

"भुताळा! भगतच भुताळा!" गर्दी उसळली. काठी भगताकडे वळली. देव केव्हाच पसार झाला होता, मागे लाडक्या तेवढा उरला होता.

पडू देत दोन, असं नवशीला क्षणभर वाटलं. पण ती आडवी आली.

"नाय, फागूदादा! हे बघ." तिने एक दाणा नखाने फोडला. "आत तांदूळच नाय. पोचट दाणा तरंगतो, भरलेला बुडतो. पेरणीआधी बियाणं पाण्यात टाकून हेच बघतो ना आपण? याच्या एका मुठीत भरलेले, दुसरीत पोचट. एवढंच याचं देवपण!"

फागू ताटाकडे बघत राहिला. ही रीत घराघरातली होती. पण भगताच्या हातात गेला की तोच दाणा देवाचा व्हायचा, आणि देवाच्या दाण्याला नख लावायची कुणाची छाती नव्हती.

"मग भुताळी कोण?"

"कुणीच नाय! मी नाय, हा पण नाय. हा लबाड आहे, भुताळा नाय. तुझं पोर तापाने गेलं दादा, तापाने! दुसरी तापलीय, आणि तू इथं काठी घेऊन उभा!"

फागूने काठी टाकली. घरात धावला, चैतीला घोंगडीत गुंडाळून बाहेर आला आणि जव्हारच्या वाटेला लागला. नवशीही पाण्याचा भोपळा घेऊन त्याच्यामागे निघाली.

तेव्हा बाबांनो, देवाचं नाव घेऊन कुणी एखाद्या बाईकडे बोट दाखवलं, तर काठी उचलू नका. आधी त्याला दुसरी मूठ उघडायला सांगा.